टाकीतला दगडी प्रवाळ कोणता? कप मोजून ओळखायची रीत

विदर्भाला समुद्र नाही, तरी प्रवाळ इथल्या बऱ्याच घरांत आहे. रामेश्वर-कन्याकुमारीची यात्रा करून आलेल्या कोणीतरी कधीकाळी आणलेला पांढरा, भोकाभोकांचा गोटा आधी शोकेसमध्ये असतो आणि पोरांनी माशांची टाकी घेतली की टाकीत जाऊन बसतो. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या कपाटात असे दोनचार तुकडे असतातच, फक्त त्यांची लेबलं उंदरांनी किंवा वाळवीनं कधीच संपवलेली असतात. शिवाय पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले, नाहीतर मालवणला पाण्यात डोकं घालून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि खाली प्रश्न असतो, "हे काय आहे?"

दारव्हा तालुक्यातल्या एका काकूंनी त्यांच्या टाकीतला गोटा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सर, हा गोटा होय का जनावर?" प्रश्न अगदी नेमका आहे. गोटा म्हणजे जनावरांनी बांधलेलं घर. घर बघून राहणारा कोण होता हे बऱ्यापैकी सांगता येतं, पण त्यासाठी घराचा रंग आणि बाहेरचा आकार बाजूला ठेवून खोल्या बघाव्या लागतात. सगळा लेख त्या खोल्यांबद्दल आहे. एकेका जीवाच्या खोलीला मी पुढे कप म्हणतो, आणि कपातल्या पातळ उभ्या भिंतींना पडदे.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे मी इथे प्रजाती हा वरचा गट आणि जात हा त्यातला एकेक सदस्य, असं धरतो. अ‍ॅक्रोपोरा ही प्रजाती; तिच्यात शंभराहून जास्त जाती आहेत. भिंग आणि पट्टी घेऊन घरबसल्या प्रजातीपर्यंत बहुतेक वेळा पोचता येतं. जातीपर्यंत कधीकधीच. जिथे पुरावा संपतो तिथे थांबायचं, हे आधीच मनाशी पक्कं करा.

कायद्याचं आधी

2001 साली सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडणं, विकणं, विकत घेणं हा गंभीर गुन्हा आहे. मेलेला पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. त्यामुळे ओळख शिकायची म्हणून नवा तुकडा विकत घेऊ नका, यात्रेत कोणी शंभर रुपयांना देत असला तरी. घरात जुना पडलेला असेल तर तो विकू नका, कोणाला भेट देऊ नका, आणि त्याचं काय करायचं ते वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोणी जिवंत दगडी प्रवाळ देऊ करत असेल आणि "परदेशातला आहे" एवढंच तोंडी सांगत असेल, तर ते पुरेसं नाही. सगळे दगडी प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कागदांशिवाय ते देशाबाहेर निघूच शकत नाहीत.

शिकायला महाविद्यालयाच्या कपाटातले जुने तुकडे आणि चांगले फोटो पुरतात.

खरा की साच्यातला

टाक्यांच्या दुकानात मिळणारे रंगीत "प्रवाळ" बहुतेक रेझिनचे असतात. ओळखायला सोपे. एकाच साच्यातून निघाल्यामुळे त्यांच्यावर जोडाची बारीक रेघ सापडते, तळ सपाट असतो, आणि भिंगातून पाहिलं तर भोकं आंधळी दिसतात, आत काहीच रचना नसते. खात्री करायची असेल तर तुटलेल्या तळाचा चिमूटभर चुरा बशीत घ्या आणि त्यावर लिंबाचा थेंब टाका. खरा प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, चुरा लगेच फसफसतो. निव्वळ प्लास्टर ऑफ पॅरिस फसफसत नाही. मात्र हे चुऱ्यावरच करा, तुकड्यावर नाही. आम्ल सगळ्यात आधी खातं ते कपातले पातळ पडदे, आणि आपल्याला वाचायचे आहेत तेच.

शेतात सापडलेला गोटा कोणी प्रवाळ म्हणून आणला, तर बहुधा तो आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळीतला झिओलाइट किंवा गारगोटी असते. त्यात टोकदार स्फटिक असतात, मोजून घ्यावेत असे सारख्या मापाचे कप नसतात.

तुकडा साफ करणं

गोड्या पाण्याच्या टाकीत राहिलेल्या तुकड्यावर हिरवं शेवाळ आणि पाण्याचे क्षार चढलेले असतात. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी वापरतात ती टीसीएल पावडर इथे कामाची. बादलीभर पाण्यात चमचाभर पावडर कालवा, तासभर निवळू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता आणि तुकडा रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सकाळी मऊ ब्रशनं हलकेच घासा, दोनतीन पाण्यांत खंगाळा आणि उन्हात वाळवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात एका दिवसात काम होतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर याला चुकूनही लावू नका, आणि टीसीएलच्या बादलीत तर अजिबात मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हे सगळं कोरड्या, मेलेल्या तुकड्यासाठी. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून काढलेला ओला खडक कधी उकळू नका, घासूही नका. त्यावर पॅलिथोआ नावाचे जीव चिकटलेले असू शकतात. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेतून किंवा हाताच्या जखमेतून अंगात गेलं तर माणूस थेट दवाखान्यात पोचतो.

भिंग, पट्टी आणि तिरका उजेड

दहापट दाखवणारं घडीचं भिंग हवं. कपाशीच्या पानाखालचे तुडतुडे आणि फुलकिडे पाहायला कृषी सहायक वापरतात तेच चालतं. मापासाठी कंपासपेटीतली पट्टी; अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली व्हर्निअर मिळाली तर उत्तम. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असली तर फोटोही निघतात.

उजेडाकडे लोक लक्ष देत नाहीत आणि तिथेच अडतात. डोक्यावरच्या दुपारच्या उन्हात पांढरा प्रवाळ नुसता चमकतो, आतलं काही दिसत नाही. सकाळी ओसरीत तिरकं ऊन येतं तेव्हा बसा, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. कपाच्या एका बाजूला सावली पडली की पडदे एकेक मोजता येतात. फोटो काढताना पट्टी तुकड्याला टेकवून ठेवा आणि तीन फोटो तरी घ्या: पूर्ण तुकडा, मधला भाग जवळून, आणि तळ किंवा तुटलेली कड. मापाशिवायच्या फोटोवरून नाव सांगणं शक्य नसतं, तज्ज्ञालासुद्धा.

दगडी प्रवाळ आहे की दुसरंच काही

दगडी प्रवाळाची खूण म्हणजे कपात उभे पडदे. हे पडदे भिंतीपासून मध्याकडे येतात आणि मुळात सहाच्या पटीत वाढतात: सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. जुन्या झिजलेल्या तुकड्यात आकडा अगदी बरोबर बसत नाही, पण पडदे असतातच. पडदेच नसतील तर तुकडा दुसऱ्या कोणाचा आहे.

दुसरे कोण, तर चार जण नेहमी भेटतात. लाल नळ्या एकमेकींना समांतर उभ्या आणि मध्येमध्ये आडव्या थरांनी जोडलेल्या असतील तर तो ट्युबिपोरा म्युझिका. तुटलेली कड आतून निळसर असेल तर हेलिओपोरा. वरून गुळगुळीत दिसतं, भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी दोन मापांची छिद्रं दिसतात आणि एकाही छिद्रात पडदा नाही, तर मिलेपोरा. हा जिवंतपणी हाताला लागला तर आग होते. आणि अंगठीतलं पोवळं, ज्याला आपल्याकडे मुंगाही म्हणतात, ते कोरॅलियमचं: भरीव, लाल, पॉलिश घेणारं, कपपडदे नसलेलं. हे चारही दगडी प्रवाळ नव्हेत. पहिले दोन आणि पोवळं हे आठ शुंडकांच्या (तोंडाभोवतीच्या आठ लवचीक सोंडांच्या) प्रवाळांचे नातेवाईक आहेत, मिलेपोरा हायड्राच्या कुळाकडचा.

कप कसा वाचायचा

एक स्वच्छ, न झिजलेला कप निवडा. कडेचा नको, टोकाचाही नको, मधला घ्या. त्यात पाच गोष्टी बघायच्या आणि वहीत लिहायच्या.

भिंत: कपाला स्वतःची भिंत आहे, की शेजारच्या कपाशी सामाईक आहे? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दोन कपांच्या मध्ये बारीक खाच किंवा मोकळी जागा दिसली तर भिंती वेगळ्या. खाच नाही, एकच बांध दोघांना पुरतो, तर भिंत सामाईक.

माप: दहा कप मोजा आणि सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, दोन्ही आकडे लिहा. एकाच कपावर विसंबू नका, वाढत्या कडेवर कप लहान-मोठे असतात. भिंत सामाईक असेल तर एका बांधाच्या मध्यापासून दुसऱ्या बांधाच्या मध्यापर्यंत माप घ्या.

पडदे: पेन्सिलनं एका पडद्यावर बारीक खूण करा आणि तिथून गोल मोजत या. खूण नसेल तर दुसऱ्यांदा मोजताना आकडा बदलतो. पडद्याची कड गुळगुळीत आहे की दातेरी, दाते बारीक आहेत की ठळक, तेही लिहा.

मधला खांब: कपाच्या तळाशी मध्यभागी काय आहे? स्पंजासारखा गुंता, एकच टोक, पातळ उभा पत्रा, की काहीच नाही?

कडं: काही प्रजातींत पडद्यांची आतली टोकं मध्याजवळ थोडी वर उठतात आणि खांबाभोवती नीट कडं तयार होतं. हे दिसायला तिरका उजेडच लागतो.

आणि कपांच्या मधली जागा असेल तर ती गुळगुळीत आहे, की त्यावर बारीक गाठी आहेत, हे विसरू नका.

फांद्या असलेले

फांदीच्या टोकाकडे सरळ बघा. अगदी टोकावर एकच मोठा कप आणि त्याच्याभोवती, खाली उतरत गेलेले लहान कप, अशी मांडणी असेल तर तो अ‍ॅक्रोपोरा. ही खूण इतकी पक्की आहे की नव्या माणसानं सुरुवात हिच्यापासून करावी. टोकावर एकाऐवजी अनेक मुख्य कप असतील तर आयसोपोरा. आधी तो अ‍ॅक्रोपोरातच धरायचे, 2007 मध्ये वेगळी प्रजाती मानला गेला. अ‍ॅक्रोपोराचा तुकडा हाताला अपेक्षेपेक्षा हलका लागतो, कारण त्याचा सांगाडा सच्छिद्र असतो. त्याच्या जाती मात्र बाजूच्या लहान कपांच्या ओठावरून, फांदीच्या जाडीवरून आणि सांगाड्याच्या सूक्ष्म काट्यांवरून ठरतात. घरी तो नाद करू नका.

टोकाला मुख्य कप नाही आणि फांदीभर कपांपेक्षा मोठे उंचवटे, त्या उंचवट्यांवरही कप, असं असेल तर पोसिलोपोरा. उंचवटे नाहीत, पण प्रत्येक कपावर छोटी वळचण पुढे आलेली आहे, तर स्टायलोफोरा. फांद्या बारीक, टोकदार आणि कप ओळीनं लागलेले, तर सिरियाटोपोरा. हे तिघे एकाच कुळातले आहेत आणि शोकेसमधल्या तुकड्यांत पोसिलोपोरा फार दिसतो.

एक मिलिमीटरहूनही लहान कप, मुख्य कप नाही, मधल्या जागेवर बारीक गाठी किंवा कड्या: मॉन्टिपोरा. हा फांदीचाही असतो, पत्र्याच्या आकाराचाही आणि खडकावर पसरलेलाही, म्हणूनच एकूण आकारावर जाऊ नका असं मी सांगतो. तीच जात शांत पाण्यात बारीक फांद्या काढते आणि लाटांच्या माऱ्यात जाड, आखूड राहते. खोलवर, कमी उजेडात पसरट होते. टाकीतल्या दिव्याखाली तर तिचं आणखी निराळं रूप निघतं.

गोट्यासारखे भरीव

विदर्भातल्या घरांत सगळ्यात जास्त दिसतात ते हे, कारण ते प्रवासात मोडत नाहीत.

कप एक-दोन मिलिमीटरचे, उथळ, एकमेकांना खेटलेले, लांबून पाहिलं तर गोटा जवळजवळ गुळगुळीत वाटतो: पोराइटिस. कप त्याहून मोठे, तीन ते पाच मिलिमीटर, आणि पडदे चोवीस: गोनिओपोरा. पडद्यांऐवजी नुसते काट्यांचे बारा दांडे आणि भिंतीही जाळीदार, हातात धरवत नाही इतका ठिसूळ: अल्व्हिओपोरा.

आता मोठ्या कपांचे. इथे आधी विचारलेला भिंतीचा प्रश्न निकाल लावतो. प्रत्येक कपाची भिंत वेगळी आणि मध्ये खाच: डिप्सॅस्ट्रिया. जुन्या पुस्तकांत आणि महाविद्यालयाच्या लेबलांवर याचं नाव फेविया असं सापडेल. 2012 च्या फेरमांडणीत फेविया हे नाव अटलांटिकच्या प्रवाळापुरतं उरलं, आपल्या हिंदी महासागरातल्याला डिप्सॅस्ट्रिया म्हणायचं ठरलं. भिंत सामाईक आणि कप बऱ्यापैकी मोठे: फेव्हाइटिस. भिंत सामाईक, कप लहान, पडदे एकसारखे नीट आणि मध्यभागी ठळक कडं: गोनिअ‍ॅस्ट्रिया.

कप वेगळे राहतच नाहीत, एकात एक मिसळून लांब वळणावळणाच्या दऱ्या होतात, त्याला लोक मेंदू प्रवाळ म्हणतात. पण मेंदू प्रवाळ ही एक प्रजाती नाही. दरीच्या तळाशी मधला खांब विस्कळीत, पडद्यांच्या कडा खरखरीत असतील तर प्लॅटिगायरा. तळाशी पातळ उभा पत्रा आणि पडदे अतिशय नेटके असतील तर लेप्टोरिया. दऱ्यांऐवजी सगळीकडे छोट्या टेकड्या उभ्या असतील तर हिड्नोफोरा. पडद्यांवर बोटाला टोचतील असे मोठे दाते आणि कप दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर लोबोफिलिया. सिम्फिलिया हे जुनं नावही आता त्यातच धरलं जातं.

कपांच्या नळ्या वेगवेगळ्या उभ्या आणि पडदे भिंतीच्या वर सुरीच्या पात्यांप्रमाणे निघालेले असतील तर गॅलॅक्सिया. पत्रा किंवा वाडग्याच्या आकाराचा सांगाडा आणि त्याच्या एकाच बाजूला दोन-तीन मिलिमीटरचे उठावदार कप, तर टर्बिनेरिया.

आणि एक सुटा, कशालाही न चिकटलेला, गोल चकतीचा. पावसाळ्यात वारुळावरची सात्या, म्हणजे अळंबी, तोडून उलटी केली की खाली पट्ट्या मध्याकडून कडेला गेलेल्या दिसतात, तसाच हा वरून दिसतो. हा फंजिया किंवा त्याचा सख्खा. विशेष म्हणजे ही पूर्ण चकती एकाच जीवाची असते, एक तोंड, एक कप. चकती लांबोळी असेल आणि मधल्या खाचेत अनेक तोंडांच्या खुणा असतील तर हर्पोलिथा.

काकूंचा गोटा

दारव्ह्याच्या त्या गोट्याची नोंद इथे देतो, म्हणजे रीत हातात कशी चालते ते कळेल.

आकार मुठीएवढा, एक बाजू सपाट. ती सपाट बाजू म्हणजे खडकापासून तोडलेली जागा, कारण तिथे कप नव्हते आणि किड्यांनी पोखरलेली गोल भोकं होती. ही भोकं नवखा माणूस कप समजून मोजायला लागतो. आत पडदे नाहीत, भोकांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ती सोडायची.

टीसीएलच्या निवळीतून काढल्यावर वरची बाजू पांढरी निघाली. लिंबाच्या थेंबाला चुरा फसफसला. पडदे होते, म्हणजे दगडी प्रवाळ. दहा कपांची मापं आठ ते अकरा मिलिमीटर. टॉर्च आडवा धरून दोन कपांमधला बांध पाहिला, त्यावर खाच नव्हती, वरून तो जाड आणि गोलसर होता. भिंत सामाईक. डिप्सॅस्ट्रिया गेला. पडद्यांवर ठळक दाते, तळाशी स्पंजासारखा गुंता, त्याभोवती नीट कडं नाही. गोनिअ‍ॅस्ट्रियाही गेला, त्याचे कप इतके मोठे नसतात आणि कडं ठळक असतं. कप कुठेही मिसळून दरी झालेली नव्हती, म्हणजे प्लॅटिगायरा नाही. उरला फेव्हाइटिस.

जात? फेव्हाइटिस पेंटागोना असता तर कप सहा मिलिमीटरपेक्षा लहान, कोनदार आणि कडं असलेले मिळाले असते, तेव्हा तो नक्की नाही. एवढ्या मापाचे, जाड भिंतीचे, कडं नसलेले कप फेव्हाइटिस अब्डिटाचेही असतात आणि कॉम्प्लॅनाटाचेही, आणि जुन्या, टाकीच्या पाण्यात झिजलेल्या तुकड्यात या दोघांत निवड करता येईल असं काही उरलेलं नव्हतं. म्हणून कागदावर मी लिहिलं: "फेव्हाइटिस, जात अनिश्चित, अब्डिटा किंवा कॉम्प्लॅनाटाच्या जवळची." काकूंना हे पुरेसं वाटलं. अभ्यासाच्या दृष्टीनंही ते पुरेसं आहे, कारण त्यातला प्रत्येक शब्द दाखवून देता येतो.

जिवंत असेल तर

नातेवाइकाच्या टाकीतला जिवंत प्रवाळ ओळखताना दोन अडचणी येतात. एक, मांसल भागाखाली कप झाकलेला असतो. दोन, टाकीवरच्या निळ्या दिव्यात सगळे रंग खोटे दिसतात. त्यांना सांगा, दिवा पांढरा करून एक फोटो पाठवा आणि एक फोटो जीव मिटलेले असताना पाठवा. मिटल्यावर कपांची मांडणी उमटते. बऱ्याच जातींचे जीव रात्री फुलतात, तेव्हा एक फोटो रात्रीचाही मागा.

मग शुंडकं मोजा. आठ आणि पिसांप्रमाणे कडा असलेली असतील तर तो दगडी प्रवाळ नाही. लांब दांड्यावर फुलणारे, प्रत्येकाला चोवीस शुंडकं: गोनिओपोरा. तसेच पण बाराच: अल्व्हिओपोरा. मेलेल्या तुकड्यातले चोवीस पडदे आणि बारा दांडे इथे पुन्हा भेटतात, एवढी ही मोजणी भरवशाची आहे.

उलट उदाहरण युफिलियाच्या मंडळींचं. त्यांचे पडदे मोठे, कड गुळगुळीत. सांगाड्यावरून मंडळी ओळखू येते. पण शुंडकाचं टोक जहाजाच्या नांगराच्या आकाराचं असलेली अँकोरा आणि शुंडकालाच गोल गाठींचे फाटे फुटणारी डिव्हिसा, यांचे सांगाडे वेगळे करता येत नाहीत. इथे जिवंत जीवच बघावा लागतो. या दोघी 2017 पासून फिंब्रियाफिलिया या प्रजातीत गेल्या. साधं गोल टोक असलेली ग्लॅब्रेसेन्स युफिलियातच राहिली. दुकानात अजून सगळ्यांना युफिलियाच म्हणतात.

जिवंत टाकीत एखादा प्रवाळ पांढरा पडला म्हणून तो मेला असं धरू नका. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं रंगीत शैवाल बाहेर टाकतो, पारदर्शक मांस मात्र जिवंत असतं. त्याला साधारण 24 ते 27 अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात भारनियमन. खेड्यात दगडी प्रवाळाची टाकी करायचा कोणाचा विचार असेल तर कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाही असंच आहे. तो जीव इथे हाल होऊन मरतो.

मालवणच्या फोटोंबद्दल थोडं. तिथल्या पाण्यात पोराइटिस, गोनिओपोरा, फेव्हाइटिस, टर्बिनेरिया हे दिसतात, तेव्हा आधी यांच्याशी ताडून बघा. पाण्यात माप लावता येत नाही, म्हणून फोटोत गाइडचं बोट किंवा हातमोजा शेजारी असेल तो फोटो निवडा. मापासाठी प्रवाळाला हात मात्र लावू देऊ नका.

नाव तपासणं आणि लेबल

मोबाइलवरची फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप प्रवाळाच्या बाबतीत रंग आणि आकारावर जातात, म्हणून त्यांचं उत्तर सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या आणि कपाशी ताडून बघा. नाव मिळालं की ते अजून चालू आहे का हे वर्म्स या सागरी जीवांच्या नावांच्या जागतिक नोंदवहीत इंटरनेटवर फुकट बघता येतं. जुनं नाव टाकलं की नवं नाव समोर येतं. गेल्या वीस वर्षांत जनुकांच्या तपासणीनं प्रवाळांची कितीतरी नावं हलवली आहेत, काही दिसायला एक असलेल्या जाती दोन निघाल्या. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस म्हणून लेबल लावलेला तुकडा आज पोसिलोपोरा अक्यूटा ठरू शकतो, आणि तो फरक भिंगातून खात्रीनं सांगता येत नाही.

लेबल पेन्सिलनं किंवा चायनीज इंकनं लिहा, बॉलपेनची शाई दोन पावसाळ्यांत उडते. लेबलवर प्रजाती, जात माहीत असेल तरच जात, कपांचं माप, भिंत सामाईक की वेगळी, तुकडा कुठून आणि साधारण कधी आला, ओळख कोणी आणि कोणत्या तारखेला केली, एवढं हवं. "रामेश्वरहून आणलेला, आजोबांच्या वेळचा" ही माहितीही लिहा. प्रयोगशाळेतले तुकडे असतील तर अशी यादी आणि मापासकट फोटो भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्राला पाठवून ओळखीबद्दल विचारणा करता येते. नुसत्या "हे काय आहे" या प्रश्नापेक्षा मोजमाप केलेल्या नोंदीला उत्तर मिळायची शक्यता कितीतरी जास्त.

ओळख झाल्यावर तुकडा परत गोड्या पाण्याच्या टाकीत टाकू नका. टाकीचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं, प्रवाळ त्यात थोडाथोडा विरघळतो आणि पाणी आणखी जड करतो. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड. गप्पी, मॉली यांना ते चालून जातं. टेट्रा आणि एंजलला त्रास होतो. शिवाय वर्षभरात पडद्यांच्या कडा बोथट होतात, आणि पुढच्या वेळी कोणी भिंग घेऊन बसला तर त्याला मोजायला काही शिल्लक राहत नाही. कापूस घातलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात, लेबलसह, वाळवीपासून उंच फळीवर ठेवा.